भूक कोणाची, संयम कोणाचा?

गेल्या कार्तिकी एकादशीस रत्नागिरीच्या विठ्ठलमंदिरात आम्ही दर्शनाच्या रांगेत उभे होतो. पुढे एक तरुण माळकरी, अंगाने चांगलाच स्थूल. दुपारपर्यंत तिसऱ्यांदा त्याने पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढला. आमच्याने राहवेना. म्हटले, "बाबा रे, एक दिवस तरी पोटाला आवर!" तो रागावला नाही. म्हणाला, "बुवा, तुम्हाला लागते तेवढीच भूक मला लागते, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

हरिभक्तहो, आम्हांपाशी उत्तर नव्हते. घरी आल्यावर जाणत्यांना विचारले, थोडे वाचले.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. १९५१ साली आपल्याकडचे डॉ. बी. के. आनंद यांनी अमेरिकेत ब्रोबेक यांच्यासह उंदरांच्या या भागाला दोन्ही बाजूंनी बारीकशी इजा केली. समोर अन्न असता ते उंदीर उपाशी मेले! पोट रिकामे होते, पण भूक लावणारा आत कोणी उरला नव्हता. याच भागातल्या काही पेशी चेतवल्या, की जेवून तृप्त झालेला उंदीरही काही मिनिटांत पुन्हा खाऊ लागतो. दुसऱ्या काही पेशी 'पुरे' म्हणतात. साठा किती आहे हे शरीरातली चरबीच लेप्टिन नावाच्या द्रव्याकरवी त्यांना कळवते. १९९७ साली इंग्लंडात दोन मुलांत हे द्रव्य जन्मतःच नसल्याचे आढळले. त्यांची भूक शमतच नसे. १९९९ मध्ये त्यांतल्या एका नऊ वर्षांच्या मुलीला ते टोचून दिल्याचे प्रसिद्ध झाले. तिची भूक आटोक्यात आली.

त्या मुलीला आधी कोणी अधाशी म्हटले असेल, तर ते खरे होते काय? आणि मागाहून ती संयम शिकली म्हणावे काय?

असा दोष फार विरळा. प्रत्येक स्थूल माणसात तो शोधू नये. सारे पेशींवर ढकलून मोकळे व्हावे, असेही आम्ही म्हणत नाही. भूक लागणे हाती नाही, पिशवीत हात घालणे थोडेफार हाती आहे. पण ते 'थोडेफार' कोणाला किती, हे रांगेत मागे उभ्या असलेल्याला कसे दिसावे? आमचा उपवास चहावर निघतो, लोक वाखाणतात. खरे सांगायचे तर आम्हांस फारशी भूक लागतच नाही. त्या तरुणाने तीन लाडवांनंतर पिशवीची गाठ मारली, ती मारताना त्याला काय पडले असेल!

आषाढीला तो पुन्हा भेटला. शेजारी बसला, पिशवी सोडली आणि एक लाडू आम्हांपुढे केला. भूक नव्हती, तरी घेतला.