आजचं चिंतन : लगाम कुणाच्या हातात?

आज कठोपनिषद, पहिला अध्याय, तिसरी वल्ली. यमधर्म नचिकेताला सांगतात : शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे आणि विषय म्हणजे रस्ते. रथात बसलेला मालक तो आत्मा.

मी तलासरीहून बाईकवर मुंबईला जातो. चारोटीच्या अलीकडे विवळवेढ्याला महालक्ष्मीला हात जोडायचे, मग मनोर, घोडबंदर, दहिसर. खरी परीक्षा दहिसरनंतर. कुणी कट मारतो, मागून हॉर्न, खिशात फोन थरथरतो. एकेक घोडा वेगळीकडे ओढतो. ‘त्याला गाठायचंच’ असं वाटतं, आणि त्या दोन सेकंदांत घरी वाट बघणारी माणसं आठवत नाहीत.

यमधर्म घोडे सोडून द्या म्हणत नाहीत. रस्ता रिकामा मिळेल, असंही नाही. सारथी जागा ठेवा, एवढंच. आणि हे सांगतंय कोण? साक्षात मृत्यू! असा जागा सारथी रथ विष्णूच्या परमपदाला नेतो, म्हणतात. ऑफिसला दहा मिनिटं उशीर चालेल, मित्रांनो.

आज सिग्नलला फोन काढू नका. एक श्वास, एक नाम. मग क्लच सोडा.