घरी सोडल्यानंतरचे दायित्व

स्वतःला इजा करून घेतलेल्या व्यक्तीचा जीव रुग्णालयात वाचतो. मात्र घरी सोडल्यानंतरचे पहिले आठवडे आणि महिने आत्महत्येच्या दृष्टीने विशेष जोखमीचे असतात. असह्य वेदना, कर्करोगाचे नुकतेच झालेले निदान किंवा अपंगत्व घेऊन परतणाऱ्यांतही ही जोखीम वाढलेली आढळते. वॉर्डात रात्रंदिवस कोणाचे तरी लक्ष असते. घरी ते थांबते. भेटायला येणारे कमी होतात, उपचारांची उधारी आणि बुडालेला रोजगार समोर येतो आणि ‘आपला घरच्यांना भार झाला’ ही भावना बळावते. जगावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न मानला, तर इतरांचे दायित्व कोठवर पोचते?

धर्मशास्त्राने मुख्यतः कृतीचा निवाडा केला. मनुस्मृतीने आत्मत्याग करणाऱ्यांना उदकक्रिया, म्हणजे मृतासाठीचे जलदान, नाकारली. वैद्यांनी उपचार सोडलेल्या अतिवृद्धाला काही स्मृतिवचनांनी देहत्यागाची मुभा दिली, पण पुढे तिची गणना कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात निषिद्ध ठरवलेल्या आचारांत, झाली. बौद्ध भिक्षूंचे नियम सांगणाऱ्या विनयपिटकातील एका प्रसंगात मात्र प्रश्नाचे तोंडच फिरते. अतिसाराने आजारी, कोणीही विचारत नसलेल्या भिक्षूला बुद्धांनी शिष्य आनंद याच्या मदतीने स्वतः धुऊन पुसून निजवले. घरदार सोडलेल्यांना पाहायला आईबाप नाहीत, म्हणून भिक्षूंनीच एकमेकांची शुश्रूषा करावी, असा नियम त्यांनी घालून दिला. येथे निवाडा आजाऱ्याचा होत नाही, त्याच्या भोवतालच्यांचा होतो.

यावर स्वायत्ततेचा आक्षेप घेतला जातो: मरणाची इच्छा ही व्यक्तीची स्वतःची इच्छा आहे, तिच्यात इतरांनी पडू नये. हा आक्षेप ती इच्छा स्थिर असल्याचे गृहीत धरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने चेन्नई, कोलंबो यांसह पाच ठिकाणी झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेले १,८६७ जण होते. काहींशी घरी सोडताना तासभर बोलणे झाले आणि पुढील १८ महिन्यांत नऊ वेळा फोनवरून किंवा भेटून विचारपूस झाली. त्यांच्यात आत्महत्येने मृत्यूचे प्रमाण ०.२ टक्के राहिले, तर नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत ते २.२ टक्के होते. एवढ्याशा विचारपुशीने अनेकांच्या बाबतीत जी इच्छा ओसरू शकते, तिला पक्का निर्णय म्हणणे कठीण आहे. शिवाय विचारपूस कोणाचे स्वातंत्र्य हिरावत नाही. नको असेल तर ती नाकारता येते.

भारतीय कायदाही याच दिशेने सरकला. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, तीव्र ताणाखाली असल्याचे मानले जाते आणि तिला शिक्षा होत नाही. पुन्हा तसे घडू नये यासाठी काळजी, उपचार आणि पुनर्वसन पुरवणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक मराठीतही उपलब्ध आहे. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या वेळांबरोबर तो क्रमांक आणि पुढच्या विचारपुशीची तारीखही लिहिलेली असावी.