रक्ताचा आकडा आणि ओलं इंधन

यवत, वरवंड, पाटस ही दौंड तालुक्यातली गावं पुणे–सोलापूर महामार्गावर; शिरूर पुणे–नगर रस्त्यावर. अपघात दोन्ही रस्त्यांच्या पाचवीला पुजलेले. अशा अपघातात कुणाचं लिटरभर रक्त वाहून गेलं आणि लगेच नमुना घेऊन त्यातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण मोजलं, तर आकडा बहुधा नेहमीसारखाच येतो. माणूस पांढराफटक, नाडी धावतेय आणि कागदावर हे प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, ४२ टक्के! मशीन बिघडलेलं नसतं. पेशी आणि प्लाझ्मा दोन्ही सारख्याच हिशेबानं सांडले, म्हणून उरलेल्यातलं प्रमाण बदललं नाही. शरीर इकडचं तिकडचं पाणी रक्तात ओढून घेतं किंवा सलाईन चढतं, तेव्हा कुठे आकडा उतरू लागतो.

मग तो पहिला आकडा खरा की खोटा?

या प्रश्नाचं उत्तर वैद्यकाच्या पुस्तकात आहेच, पण त्याची खरी उकल न्यायदर्शनात सापडते. ज्ञान कशाने होतं, याची चार साधनं गौतमाच्या न्यायसूत्रांनी सांगितली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. हिमॅटोक्रिट मोजण्याची जुनी पीसीव्ही तपासणी म्हणजे चोख प्रत्यक्ष. काचेच्या बारीक नळीत रक्त भरायचं, एक टोक बंद करायचं आणि मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेऱ्यांच्या वेगाने पाचेक मिनिटं फिरवायचं. खाली तांबड्या पेशींचा गच्च थर बसतो, त्यावर पांढऱ्या पेशींची पातळ रेघ, सगळ्यात वर पिवळसर प्लाझ्मा. मग मोजपट्टी लावून डोळ्यांनी वाचायचं. पुरुषांत साधारण ४० ते ५० टक्के, स्त्रियांत ३६ ते ४६. मॅक्सवेल विंट्रोब यांनी १९२९ मध्ये यासाठी खुणा आखलेली नळी रूढ केली.

आता तालुक्याच्या लॅबमध्येही सीबीसीचं यंत्र असतं. त्यातली बरीच यंत्रं थर बघतच नाहीत. ती पेशी मोजतात, एका पेशीचं सरासरी आकारमान काढतात आणि गुणाकार करून हिमॅटोक्रिट छापतात. हे झालं अनुमान. पेशंटच्या हाती तो कागद पडतो तेव्हा त्याच्यासाठी उरतो शब्द, म्हणजे जाणत्यावरचा विश्वास.

अनुमानात चूक कुठे शिरते, हे नैयायिकांनी फार बारकाईने पाहिलं. धूर दिसला की आग आहेच. पण आग आहे म्हणून धूर असेलच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धुरासाठी इंधन ओलं लागतं. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. तर्कशास्त्राला शब्दच्छल समजून हसणाऱ्यांनी रक्ताचा रिपोर्ट हाती घेऊन हे एकदा वाचावं. ‘आकडा चांगला, म्हणजे अंगात रक्त चांगलं’ या अनुमानातही एक अट लपलेली आहे. तीही ओलाव्याचीच.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवत, वरवंडला मुक्काम करते. उन्हात घाम गाळून, वर जुलाबाने बेजार झालेल्या वारकऱ्याचं रक्त तपासलं, तर पाणी आटल्यामुळे हिमॅटोक्रिट चढलेला दिसू शकतो. मुळात पंडुरोग असलेली बाई त्या दिवशी कागदावर ठणठणीत ठरेल. गरोदरपणात नेमकं उलटं. तांबड्या पेशी वाढतात, पण प्लाझ्मा त्याहून जास्त, जवळपास ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो; म्हणून प्रमाण घसरतं. रक्त वाढलेलं असताना आकडा ‘कमी’ म्हणतो. डेंग्यूत तर ताप उतरत असताना चढणारा हिमॅटोक्रिट ही धोक्याची घंटा. प्लाझ्मा रक्तवाहिन्यांतून झिरपून बाहेर जात असतो. मूळ आकड्यापेक्षा २० टक्के किंवा अधिक वाढ ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली खूण आहे.

तेव्हा अपघातग्रस्ताचा तो आकडा खोटा नव्हता. तो पेशी आणि प्लाझ्मा यांच्या नात्याबद्दल खरं बोलत होता. रक्त किती उरलं, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. खोटं ठरलं ते आपलं अनुमान.

म्हणून रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवताना सोबत तोंडीही सांगावं: वारीहून आलोय, जुलाब झालेत, ताप कितव्या दिवसाचा आहे, दिवस गेलेत. आणि जुने रिपोर्ट रद्दीत टाकू नयेत. डेंग्यूच्या दिवसांत ‘मूळ आकडा’ शोधताना डॉक्टरांना तेच लागतात.