संकल्पातली गाडी

डिझाइनचा विद्यार्थी विजेवर चालणाऱ्या, रोजच्या कामाच्या मोटरसायकलची संकल्पना मांडतो तेव्हा त्याच्याजवळ चित्रे असतात, मापे असतात, फार तर मातीचा नमुना असतो. गाडी नसते. जी वस्तू अजून झालेलीच नाही तिला उपयोगी कसे म्हणावे, हा पेच भारतीय दर्शनांना जुना आहे. तिथे मोटरसायकलीच्या जागी घडा असतो, एवढेच.

सांख्यांच्या मते कार्य कारणात आधीपासूनच असते. तेल तिळातून निघते, वाळूतून निघत नाही. नैयायिकांना हे मान्य नाही. घडा होण्यापूर्वी त्याचा प्रागभाव, म्हणजे आधीचे नसणे, असतो आणि कुंभार जे घडवतो ते नवे असते. या कुंभाराच्या ठायी ते तीन गोष्टी मागतात : ज्ञान, चिकीर्षा म्हणजे करण्याची इच्छा, आणि कृती. विद्यार्थ्याजवळ पहिल्या दोन असतात, तिसरी बहुधा कारखान्याच्या हाती राहते. सातव्या शतकातला बौद्ध आचार्य धर्मकीर्ती याहून कडक आहे. जे काही कार्य घडवू शकते तेच सत्, ही त्याची अर्थक्रियेची कसोटी. पुण्याच्या टॉर्क कंपनीने टी6एक्स ही विजेची मोटरसायकल 2016 मध्ये दाखवली आणि क्रेटॉस या नावाने ती बाजारात आणली 2022 च्या जानेवारीत. मधल्या वर्षांत तिला काय म्हणायचे, यावर तिन्ही पक्षांचे उत्तर वेगळे आले असते.

व्यवहाराला जवळचा धागा मात्र ‘संकल्प’ या शब्दातच सापडतो. पूजेच्या आरंभी हातावर पाणी घेऊन संकल्प सोडतात तेव्हा आधी देश आणि काळ सांगावा लागतो : गोदावरीचा कोणता तीर, कोणता संवत्सर, कोणती तिथी. हेतू त्यानंतर. कुठे आणि कधी हे न सांगता केलेला संकल्प अपुरा समजतात. डिझाइनच्या पुष्कळ संकल्पना नेमक्या इथे अपुऱ्या राहतात. त्यांतली गाडी कोणत्याच गावची नसते.

अक्कलकोट तालुक्यातले मैंदर्गी हा देश धरला की मापे बदलू लागतात. कर्नाटकाच्या सीमेलगतचे, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे हे नगरपरिषदेचे गाव. इथली मोटरसायकल दुधाचे कॅन वाहते, खताचे पोते वाहते, कडब्याच्या पेंढ्याही वाहते. पावसाळ्यात काळी माती चाकाला चिकटून मडगार्डमध्ये घट्ट बसते, म्हणून चाक आणि मडगार्ड यांच्यात भरपूर जागा हवी. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि लिथियमच्या बॅटरीला ती उष्णता मानवत नाही. सोलापूरला जाऊन यायचे तर शंभर किलोमीटरच्या आसपास पडतात. किलोमीटरला 35 ते 40 वॅट-तास वीज लागते असे धरले, तर चार किलोवॅट-तासांची बॅटरी रिकाम्या गाडीला जेमतेम पुरेल. पोते लादल्यावर ती परतीच्या वाटेत संपण्याचीच शक्यता जास्त. मग बॅटरी मोठी करावी, तर वजन आणि किंमत चढते. उपयोगिता वस्तूत बसलेली नसते. ती रस्ता, ओझे आणि खिसा यांच्याशी असलेल्या नात्यात असते.

या मुलखात हा प्रश्न निव्वळ तर्काचा राहत नाही. बाराव्या शतकातल्या लिंगायत संतांनी, म्हणजे शरणांनी, कायक, म्हणजे अंगमेहनतीचे काम, हीच उपासना मानली आणि त्याचे फळ समाजाच्या स्वाधीन करण्याला दासोह म्हटले. सोलापूरचे, तेव्हाच्या सोन्नलिगेचे, सिद्धरामेश्वर यांनी तलाव खोदवला. परंपरेतली कथा अशी की शरणांपैकीच अल्लमप्रभू तिथे आले आणि कामावरच्या लोकांसमोर त्यांनी सिद्धरामांना ‘वड्डर’, म्हणजे दगड फोडणारा, म्हणून हाक मारली. लोक खवळले. अल्लमांचा रोख दगड फोडणाऱ्यांवर नव्हता. ‘हे मी बांधले’ या भावनेवर होता. लोकोपयोगी कामातही कर्त्याचा अहंकार मुरतो, आणि तलाव पाण्याने भरला तरी तो ओसरत नाही, हे त्यांना दाखवायचे होते. कथेत सिद्धराम पुढे शरणांच्या कल्याणला जातात. तलाव मात्र आजही सोलापूरच्या मध्यात आहे, त्याला कोणी निरर्थक ठरवलेले नाही. अल्लमांच्या आक्षेपाने काम रद्द होत नाही, त्यावरचा हक्क सुटतो.

डिझाइनमध्ये हा हक्क अगदी ठोस रूपात दिसतो. आजच्या बहुतेक विजेच्या दुचाकींत बॅटरी आणि कंट्रोलर सीलबंद पेटीत असतात. बिघाड झाला की कंपनीच्या केंद्रात न्यावे लागते. पेट्रोलची जुनी गाडी चौकातला मिस्त्री उघडतो आणि गरज पडल्यास दुसऱ्याच गाडीचा भाग बसवून चालू करतो. आखणाऱ्याला न विचारता केलेली ही दुरुस्ती दासोहाच्या अर्थाशी बरीच जवळची आहे. पेटी सीलबंद ठेवण्यात सुरक्षेचे काही कारण आहे हे खरे. जास्त विद्युतदाबाची बॅटरी उघडणे धोक्याचे. पण दिवा, ब्रेक, वायरिंग, चार्जिंगचा सॉकेट, मागचा कॅरियर यांना ते कारण लागू पडत नाही. हे भाग साध्या पान्याने सुटतील असे आखायचे की नाही, हे विद्यार्थी पहिल्या चित्रातच ठरवून टाकतो.