लाखाचं घड्याळ आणि अनाथपिंडिकाची चार सुखं

झाडीपट्टीत एका घड्याळाच्या नावाचा तांदूळ पिकतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथले शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली धानाच्या बांधीत पिवळसर दाण्यांच्या तीन वेगळ्याच लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वर्षानुवर्षं निवडून लावल्या आणि त्यातून बारीक, चवदार वाण उभं राहिलं. ते बाजारात गेलं तेव्हा व्यापाऱ्याने त्याला ‘एचएमटी’ हे नाव दिलं, कारण त्या काळी मनगटावर एचएमटी असणं ही मोठी शान होती. एचएमटीचे घड्याळ कारखाने बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातल्या कोंढ्यात, आणि सगळ्याच धानपट्ट्यात, हे नाव आता घड्याळापेक्षा तांदळासाठीच घेतलं जातं.

मनगटावरच्या शानेची ओढ मात्र गेलेली नाही. एचएमटीच्या जागी स्विस घड्याळं आली आणि किंमत शेकड्यांतून लाखावर गेली. कोंढ्यातल्या एखाद्या कमावत्या तरुणाला असं घड्याळ घ्यावंसं वाटलं, तर त्याने ते घ्यावं का?

अचूक वेळेसाठी घ्यायचं असेल, तर नक्कीच नाही. जपानच्या सेइको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं. त्याची किंमत साडेचार लाख येन, म्हणजे तेव्हाच्या एका छोट्या मोटारीइतकी होती. आज तेच तंत्र काहीशे रुपयांत मिळतं आणि साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद चुकतं. याउलट स्वित्झर्लंडमध्ये अचूकतेचं प्रमाणपत्र मिळवणाऱ्या यांत्रिक घड्याळाला दिवसाला चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे जाण्याची मुभा असते. म्हणजे जास्त पैसे देऊन कमी अचूक वेळ घरी येते. लाख रुपयांत मिळते ती कारागिरी, बारीक चक्रांची रचना, नाव आणि बघणाऱ्यांच्या डोळ्यांतलं कौतुक. कारागिरीवर प्रेम करणं हे काही पाप नाही. पण लाख रुपये कशासाठी जात आहेत, हे स्वतःशी कबूल करायला हवं.

साध्या धानाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये आहे. त्या हिशेबाने लाखाचं घड्याळ म्हणजे सुमारे ४२ क्विंटल धान. त्यातही हा पूर्ण भाव हाती पडला तरच, आणि बियाणं, खत, रोवणीची मजुरी, चुरणीचा खर्च वजा न करता.

एवढ्यावरून कुणी म्हणेल की धर्माने अशा खरेदीला मनाईच करावी. पण कोंढा ज्या तालुक्यात येतो, त्या पवनीची माती वेगळं सांगते. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथे उत्खनन केलं आणि दोन हजार वर्षांपलीकडचे बौद्ध स्तूप उजेडात आले. स्तूपांच्या कोरीव दगडांवर, ते ज्यांनी दान दिले, त्यांची नावं आहेत. माणसांनी कमावलेलं धन सुंदर गोष्टीवर खर्च केलं आणि त्यावर आपलं नाव घातलं. धम्माला ते चालत होतं.

बुद्धांनी गृहस्थाला भिक्षूची फूटपट्टी लावलीच नाही. श्रावस्तीच्या धनाढ्य अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखं सांगितल्याचं पाली अंगुत्तर निकायात आलं आहे. कष्टाने आणि सचोटीने मिळवलेलं धन आपल्याजवळ आहे, हे पहिलं सुख. त्या धनाचा उपभोग घ्यायचा आणि त्यातून पुण्यकर्मही करायचं, हे दुसरं. कुणाचंही लहानमोठं ऋण डोक्यावर नाही, हे तिसरं. काया, वाचा, मनाने आपण निर्दोष आहोत, हे चौथं. आणि पहिल्या तिन्ही सुखांना या चौथ्याच्या सोळाव्या हिश्श्याचीही सर नाही.

अपरिग्रहाचा मार्गही भंडाऱ्यापासून दूर नाही. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात गांधीजींनी अगदी मोजक्या वस्तूंवर संसार चालवला, पण त्या मोजक्या वस्तूंत घड्याळ होतं. इंदिरा गांधींनी दिलेलं त्यांचं झेनिथ घड्याळ १९४७ साली रेल्वेत चोरीला गेलं आणि काही महिन्यांनी चोराने स्वतः येऊन परत केलं. ते त्यांच्या कामाचं होतं आणि प्रेमाने दिलेलं होतं, म्हणून अपरिग्रहाच्या आड आलं नाही.

तरीही साधेपणाचा उपदेश कुणी कुणाला करायचा, हे पाहावंच लागतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितलं की अस्पृश्यपणाची ओळख पटवणारी वेशभूषा आणि दागिने टाकून द्या, स्वच्छ नीटनेटक्या राहा. स्वतः ते सूट घालत, उत्तम पेनं जवळ ठेवत. याच भंडाऱ्यातून १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक त्यांनी लढवली, आणि १९५६ च्या त्यांच्या धम्मदीक्षेनंतर इथल्या गावागावांत बुद्धविहार उभे राहिले. ज्याच्या आज्याला चांगलं धोतर नेसायचीही चोरी होती, त्या नातवाच्या मनगटावर चमकणारं घड्याळ ही निव्वळ चैन नसते. ती पिढ्यांनी मागितलेली बरोबरी असते. त्याला ‘साधं राहा’ म्हणण्याचा अधिकार ज्यांनी त्याच्या घरावर साधेपणा सक्तीने लादला, त्यांना तर मुळीच नाही.

पण बरोबरी उसनी आणली की ती तिसऱ्या सुखाशी येऊन अडते. हप्त्यावर घेतलेलं घड्याळ मनगटावर असतं आणि ऋण डोक्यावर. धान विकून पैसा वर्षातून एकदा येतो, हप्ता मात्र दर महिन्याला येतो. आजारपण आणि अवकाळी पाऊस हप्त्याची तारीख पाहून येत नाहीत.

चौथ्या सुखाची कसोटी लग्नात लागते. हुंडाबंदी कायदा १९६१ साली झाला. त्याच वर्षी जपानी कंपनीच्या मदतीने एचएमटीची घड्याळं बनू लागली, आणि पुढे घड्याळ, सायकल, रेडिओ ही जावयाच्या मागणीची यादी खेड्यापाड्यांत रूढ झाली. सायकलची मोटरसायकल झाली, रेडिओचा टीव्ही झाला, घड्याळ यादीत तसंच राहिलं. सासऱ्याने बांधी गहाण ठेवून दिलेलं घड्याळ पाचशेचं असो की लाखाचं, ते घेणाऱ्याला निर्दोषपणाचं सुख देऊ शकत नाही. ते परत करावं. याबाबत दुसरं मत असूच शकत नाही.

उरतो तो कर्ज नसलेला, घरच्यांचं भागवून चार पैसे बाजूला टाकलेला माणूस. त्याला यांत्रिक घड्याळातली कारागिरी खरोखर आवडत असेल, तर त्याने ते अवश्य घ्यावं आणि रोज वापरावं. कपाटात ठेवून दुसरं सुख मिळत नाही. मात्र घेण्याआधी एक चौकशी करावी. अशा घड्याळाला काही वर्षांनी उघडून साफ करावं लागतं, तेल द्यावं लागतं. ते करणारा जाणकार आपल्या आवाक्यात कुठे आहे, नागपूरपर्यंत जावं लागेल का आणि दर वेळी किती खर्च येईल, हे आधी विचारून तो आकडाही लाखात मिळवावा. आणि बुद्धांनी दुसऱ्या सुखात उपभोगाच्या शेजारीच पुण्यकर्म ठेवलं आहे. तेव्हा घड्याळासोबत गावच्या विहारातल्या अभ्यासिकेला चार पुस्तकंही त्याच महिन्यात घ्यावीत.