कृतनाश, अकृताभ्यागम आणि तक्त्यातली ओळ

बौद्धांच्या क्षणभंगवादावर भारतीय दर्शनांत जे आक्षेप घेतले गेले, त्यांतला सर्वांत टोकदार आक्षेप कर्म आणि फळ यांच्या नात्याविषयीचा आहे. प्रत्येक वस्तू क्षणमात्र टिकते आणि पुढच्या क्षणी तिच्या जागी दुसरीच उत्पन्न होते असे मानले, तर ज्याने कर्म केले तो फळ भोगायला उरत नाही, आणि जो फळ भोगतो त्याने ते कर्म केलेले नसते. यांपैकी पहिल्या दोषाला ‘कृतनाश’, म्हणजे केलेले वाया जाणे, आणि दुसऱ्याला ‘अकृताभ्यागम’, म्हणजे न केलेले माथी येणे, असे म्हणतात. न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, म्हणजे नैयायिकांनी, हा आक्षेप लावून धरला आणि बाराव्या शतकात जैन आचार्य हेमचंद्रांनीही तो मांडला. वाद नित्य आत्मा मानायचा की नाही याचा होता. परंतु सर्व्हरवर घडवल्या जाणाऱ्या वेब-फॉर्ममध्ये, जागेवरच बदल करता येणारा तक्ता उभा करणाऱ्या प्रत्येकाला हेच दोन दोष, जवळजवळ शब्दशः, भेटतात.

ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपी नियमांनी बोलतात, त्या नियमांना स्मृती नाही. प्रत्येक मागणी स्वयंपूर्ण असते आणि आधीच्या मागणीशी तिचा संबंध नियमांतून आपोआप सिद्ध होत नाही. सर्व्हरवर वेब-पाने घडवणाऱ्या, २००२ साली आलेल्या एएसपी डॉट नेटमध्ये किंवा २००४ च्या जावा सर्व्हर फेसेसमध्ये मागणी आली की पानाची रचना सर्व्हरच्या स्मृतीत उभी केली जाते, तिच्यातून एचटीएमएल लिहून पाठवले जाते, आणि मुद्दाम जपून ठेवलेली स्थिती सोडली तर त्या रचनेतले काही शिल्लक राहत नाही. वापरकर्ता पडद्यावर जो तक्ता पाहत असतो, तो घडवणारी वस्तू त्या वेळी अस्तित्वातच नसते, आणि ‘सेव्ह’ दाबल्यावर जी वस्तू उत्तर देते ती नव्याने जन्मलेली असते. क्षणभंगाचे याहून निखळ उदाहरण सापडणे कठीण आहे.

जावा सर्व्हर फेसेसमधील तक्त्याची घडण जवळून पाहिली, तर अडचण कोठे आहे ते कळते. चाळीस ओळींच्या तक्त्यासाठी तेथे चाळीस चौकटी नसतात. एका स्तंभासाठी चौकटीचा एकच घटक असतो आणि तोच प्रत्येक ओळीवर फिरवला जातो. प्रत्येक चौकटीला जे नाव मिळते त्यात ओळीचा क्रमांक गुंफलेला असतो, व हा क्रमांक शून्यापासून मोजला जात असल्यामुळे तिसऱ्या ओळीच्या नावात दोन हा अंक येतो. आता चाळीस विद्यार्थ्यांची आडनावांच्या वर्णक्रमाने लावलेली गुणपत्रिका घेऊ: पहिली ओळ कदम, दुसरी गोखले, तिसरी देशमुख, चौथी पवार. शिक्षकाने देशमुखचे ४२ गुण दुरुस्त करून ४७ केले, आणि ‘सेव्ह’ दाबण्यापूर्वी कार्यालयाने आपटे नावाच्या विद्यार्थ्याची नोंद केली. सर्व्हरने डेटाबेसमधून यादी पुन्हा वाचली, तर आपटे पहिला येतो आणि बाकीचे सगळे एकेक घर खाली सरकतात. मग आलेली मूल्ये क्रमांकानुसार वाटली जातात, तेव्हा ४७ गुण गोखलेला मिळतात आणि देशमुखच्या नावावर पवारचे गुण पडतात. देशमुखच्या वाट्याला कृतनाश आला, गोखलेच्या वाट्याला अकृताभ्यागम. सगळी मूल्ये शून्य ते शंभर यांमधलीच असल्यामुळे कोणतीही तपासणी अडवत नाही आणि पडद्यावर ‘नोंद यशस्वी’ असेच उमटते. या चुकीची भीषणता तिच्या या शांतपणात आहे.

येथे सर्व्हरने जे केले त्याला प्रत्यभिज्ञा म्हणतात. पूर्वी पाहिलेली वस्तू समोर आल्यावर ‘तीच ही’ असे जे ज्ञान होते, ते प्रत्यभिज्ञा. ‘तोच हा देवदत्त’ हे त्याचे शास्त्रांतले ठरलेले उदाहरण आहे आणि नैयायिक त्यावरून वस्तूचे स्थैर्य सिद्ध करतात. बौद्धांचे त्यावरील उत्तर असे, की कापून पुन्हा वाढलेल्या केसांना किंवा नखांनाही माणूस ‘तेच हे’ म्हणतो, परंतु ते तेच नसतात; सारखेपणामुळे ऐक्याचा भास होतो. तिसऱ्या जागेवर जी आहे ती तिसरीच ओळ, हे सर्व्हरचे ज्ञान असेच नखकेशांचे ज्ञान आहे. एडगर कॉड यांनी १९७० साली डेटाबेसचे संबंधात्मक प्रतिमान मांडले, तेव्हाच ओळींच्या क्रमाला अर्थ नाही हे स्पष्ट केले होते. ओळ ओळखायची ती तिच्या प्रायमरी कीवरून, म्हणजे त्या तक्त्यात दुसऱ्या कोणत्याही ओळीला नसलेल्या मूल्यावरून. क्रम हा पानाचा धर्म आहे, नोंदीचा नव्हे. अद्वैत वेदान्ती ‘तोच हा देवदत्त’ या वाक्याचा अर्थ लावताना ‘तेव्हाचा-तिथला’ आणि ‘आत्ताचा-इथला’ ही विशेषणे सोडून केवळ देवदत्त ठेवतात. ओळीच्या बाबतीतही जागा सोडून देऊन नेमके हेच करावे लागते.

कृतनाशाच्या आक्षेपाला बौद्धांनी दिलेले उत्तर या कामी विशेष मोलाचे आहे. कापसाचे बी लाखेच्या रसात भिजवून पेरले की पुढे त्याच झाडाच्या कापसात लाली उतरते, असा त्यांचा दृष्टान्त आहे. बी टिकत नाही, रोप टिकत नाही, तरी रंग दुसऱ्या झाडाला जात नाही, कारण संतान, म्हणजे कार्यकारणांची अखंड साखळी, एकच असते. प्रत्येक ओळीसोबत अदृश्य चौकटीतून पाठवलेली प्रायमरी की हा असा लाखेचा रस आहे. तिच्यासोबत नोंदीचा आवृत्ती-क्रमांकही पाठवावा लागतो, कारण ओळ तीच असूनही मधल्या वेळेत दुसऱ्या कोणी ती बदललेली असू शकते. ‘ही की आणि हीच आवृत्ती असेल तरच बदल’ अशी अट घातली आणि एकही ओळ बदलली नाही, तर साखळी तुटल्याचे सर्व्हरला कळते आणि तो तसे सांगू शकतो. ब्राउझरकडून परत आलेली की खोटीही असू शकते, म्हणून ती ओळ बदलण्याचा अधिकार त्या माणसाला आहे का, हे सर्व्हरने स्वतः तपासावे लागते.

सर्वांत नाजूक अवस्था नव्या ओळीची असते. वापरकर्त्याने दोन कोऱ्या ओळी वाढवल्या, तर डेटाबेसमध्ये दोन्ही अजून जन्मलेल्या नसतात, दोघींना की नसते, आणि समानता केवळ कीवरून ठरवली असेल तर सर्व्हर दोघींना एकच समजतो. अशा ओळींना जन्माआधीच तात्पुरती खूण द्यावी लागते आणि ती नोंद होईपर्यंत सांभाळावी लागते.

तेव्हा तक्त्यापुरता निर्णय द्यायचा, तर नैयायिकांचा आक्षेप पूर्णपणे खरा ठरतो, परंतु त्यांनी सुचवलेला नित्य आत्मा येथे लागत नाही. की, आवृत्ती आणि अधिकार यांची साखळी न तुटता पोहोचली, तर ४७ गुण देशमुखलाच मिळतात.