अटींसह मंजुरी

भाची : पेंचमधल्या महामार्गाखालून वाघ जातात म्हणून सगळे पुलाचं कौतुक करतात, मामा. मला जयराम रमेश आठवतात. 2009 ते 2011 पर्यावरणमंत्री होते. हा रस्ता जंगलातून रुंद करायला त्यांनी विरोध केला, कमलनाथांशी वाकडं घेतलं.

(कमलनाथ तेव्हा रस्तेमंत्री, त्यांचा छिंदवाडा मतदारसंघ पेंचला लागूनच. भांडण दिल्लीतलं, पण तसं घरचंच.)

मामा : अन् रस्ता अडला का? झालाच नं चौपदरी.

भाची : झाला, पण प्राण्यांसाठी नऊ ठिकाणी खालून वाट ठेवून. त्यातली एक साडेसातशे मीटरची. आधी कुणी नाही म्हटलं नसतं, तर दोन मोऱ्या टाकून मोकळे झाले असते.

मामा : नुसतं नाहीच म्हणत बसले असते, तर जुन्या रस्त्यावर जनावरं मरतच राहिली असती. अन् रमेश तरी कुठं सगळ्यांना नाही म्हणाले? ऑगस्ट 2010 मध्ये ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरची खाण अडवली. नोव्हेंबरात नवी मुंबईचं विमानतळ अन् जैतापूरचा अणुप्रकल्प, दोन्हींना मंजुरी. जैतापूरला 35 अटी घालून.

भाची : म्हणजे एक नकार टिकवायला दोन होकार द्यायचे?

मामा : मी जन्मभर सरकारी फाइली पुढं सरकवल्या, बाई. प्रत्येक फाइल अडवणारा साहेब लवकर बदलून जायचा. मागून येणारा सगळ्यांवर सही करायचा.

भाची : रमेश तरी कुठं टिकले? जुलै 2011 मध्ये ग्रामविकास खातं दिलं, वर कॅबिनेट दर्जा. बढती म्हणायची ती! मग होकार देऊन मिळवलं काय?

मामा : हे बरं पकडलंस.

भाची : त्यापेक्षा ब्रिटनच्या कॅरोलिन लुकस बऱ्या. त्याच 2010 साली ग्रीन पक्षाच्या पहिल्या खासदार झाल्या. 2024 पर्यंत कनिष्ठ सभागृहात त्या पक्षाच्या एकट्याच. बोलत राहिल्या, पण अशी सही करायची पाळी आली नाही.

मामा : हात स्वच्छ राहिले. पण पुलाखालून जाणाऱ्या वाघाला त्याचं काय? वर ट्रक धडधडतात, खाली चिखलात पंजा उमटतो. तो पूल कुणाच्या तरी सहीनंच झाला.

भाची : वाघाला काही नसेल. जैतापूरच्या मच्छीमाराला आहे. उद्या 35 पैकी एखादी अट मोडली, तर सही करणारा कुठं असतो?

मामा : दुसऱ्या खात्यात.

भाची : मग अट पाळली की नाही, हे बघायचं कुणी?

मामा : त्याचीही सोय असते. दर सहा महिन्यांनी पूर्तता अहवाल. आम्ही पोच द्यायचो अन् फाइलला लावायचो.